न मोजलेला दाब

तारीख : गेल्या वर्षीच्या जूनमधला दुसरा शनिवार. रक्कम : दोनशे रुपये. हजर : प्रमाणपत्र देणारे डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीचे सर, माझी मुलगी आणि मी. स्टेथोस्कोप टेबलावर होता, पण त्याला हजर धरता येणार नाही, कारण त्याला कोणी हात लावला नाही.

डॉक्टरांपुढे छापील फॉर्मचा गठ्ठा होता. त्यांनी मुलीला वय आणि उंची विचारली. उंची मोजली नाही, तिने सांगितली ती लिहिली. नाडी बहात्तर आणि रक्तदाब एकशे वीस-ऐंशी हे फॉर्मवर आधीच छापलेलं होतं. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक उमेदवाराची नाडी बहात्तरच असते. 'पूर्वीचे आजार' हा रकाना आला तेव्हा मी सांगितलं की हिच्या हृदयाच्या पडद्याला भोक होतं, सहाव्या वर्षी ऑपरेशन करून ते बुजवलंय. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "आवं, लहानपणीचं हाय ते. बुजावलं म्हंजी बुजावलं. उंदराचं बीळ लिंपल्यावर कोन परत उकरून बघतंय व्हय?"

कंपाउंडर हसला. डॉक्टरांनी रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि शिक्का मारला. मुलगी धावण्यास सक्षम ठरली. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मी दोनशे रुपये दिले आणि पावती मागितली, तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पावतीपुस्तक नव्हतंच.

खोटं रीडिंग ओळखणं हा माझा धंदा आहे. आंबीच्या एका कारखान्यात मी बॉयलर आणि कॉम्प्रेसरच्या विभागात सुपरवायझर आहे. दर तासाला दाब वाचून तक्त्यात भरायचा हे माझ्या माणसांचं काम, आणि त्यांनी तो खरंच वाचला की खुर्चीत बसून भरला हे पाहणं माझं. खुर्चीत बसून भरलेला आकडा ओळखायला अवघड नसतो. तो आठ तास जागचा हलत नाही. हवेचा, पाण्याचा, वाफेचा कुठलाच खरा दाब आठ तास एका जागी राहत नाही. त्या दिवशी फॉर्मवरचं बहात्तर पाहून मला ते सगळं कळत होतं. तरी मी पैसे दिले आणि प्रमाणपत्र घडी घालून खिशात ठेवलं, कारण माझ्या मते खरे आकडे माझ्या घरी होते. मुलीच्या फाइलीत.

ती फाइल मी तेरा वर्षं सांभाळली होती. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, पुढे तारखेप्रमाणे कागद, प्रत्येक कागद स्वतंत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात. ऑपरेशनआधीची चार वर्षं मुलीला बाळदमा आहे असं समजून सिरप पाजलं गेलं होतं. त्या सिरपच्या चिठ्ठ्याही त्यात होत्या. त्या लिहिणाऱ्याने चार वर्षांत एकदा नीट छाती तपासली असती तर चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या नसत्या.

पुण्याच्या सर्जननी तेव्हा एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून मला समजावलं होतं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असलं की डावीकडचं जोराचं रक्त उजवीकडे घुसतं आणि तिथून फुप्फुसांत जातं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कमी दाबाच्या असतात. वर्षानुवर्षं जादा दाब सोसला की त्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. भोक लवकर बुजवलं तर बहुतेक मुलांच्या रक्तवाहिन्या पूर्ववत होतात. काहींच्या होत नाहीत. काहींचा दाब ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी हळूहळू चढतो, आणि चढताना बाहेरून काहीच दिसत नाही. ही सहाव्या वर्षी आली म्हणजे उशिरा आली, तेव्हा हिचा फुप्फुसातला दाब दरवर्षी पाहायचा. डिस्चार्जच्या कागदावर त्यांनी तसं लिहून खाली रेघ ओढली होती.

हे समजायला मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. गळती बंद केली म्हणून तोवर ताण सोसलेला पाइप नवा होत नाही.

तीन वर्षं आम्ही पुण्याला जाऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. तिन्ही वेळा दाब ठीक होता. चौथ्या वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त आमच्या वडगावच्या शाळेत हृदय तपासणी शिबिर भरलं. बाहेर पुढाऱ्याचं पंधरा फुटी चित्र, आत सहा खाटा आणि सहा ईसीजी यंत्रं. तिथल्या कार्यकर्त्याला मी विचारलं की पुण्याला करतो ती तपासणी हीच का. तो म्हणाला, हृदयाचीच हाय ना, मग तीच. एवढ्या बारकाईने सगळं विचारणारा मी त्या उत्तरावर थांबलो. ज्याला स्वतःच्या बिल्ल्यावरचं पद धड वाचता येत नव्हतं, त्याच्याकडून मी हृदयाचं शास्त्र ऐकून घेतलं. मुलीच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, तिच्यावर 'नॉर्मल' असा शिक्का बसला. त्या दिवशी शिबिरात दोनशेच्या वर माणसं होती आणि मला दिसली तेवढी सगळी नॉर्मल होती. पट्टी मी फाइलीत लावली. पुढच्या वर्षी पुन्हा वाढदिवस आला, पुन्हा पट्टी लावली. अशी नऊ वर्षं.

मुलीला पोलीसच व्हायचं होतं. बारावीनंतर तिने बी.ए.ला नाव घातलं आणि पहाटे मैदानावर जायला लागली. आठशे मीटर धावण्याची तिची वेळ मी लिहून ठेवत असे. जूनमध्ये तीन मिनिटं वीस सेकंद. जुलैच्या मध्याला तीन चोवीस. ऑगस्टच्या सुरुवातीला तीन एकेचाळीस. बाकीच्या मुलींचे आकडे उतरत होते, हिचे चढत होते. मी अकॅडमीत जाऊन सरांना तो कागद दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला आणि म्हणाले की पोरगी जीव लावून पळत नाही, तिला रोज दोन अंडी आणि चार शिव्या लागतात. अंडी मी सुरू केली. शिव्या ते स्वतः घालत होते, त्याचे ते महिन्याला अडीच हजार घेत होते.

तिला डोळ्यांपुढे अंधारी येत होती, हे तिने आम्हाला सांगितलं नाही. सरांना सांगितलं तर त्यांनी सगळ्यांसमोर तिची नक्कल केली. मग तिने तिच्या मामाला सांगितलं.

हा मामा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लोणावळ्याच्या तुंगार्लीत मुंबईकरांचे सात बंगले त्याच्याकडे देखरेखीला आहेत. मालक नसले की ते तो शनिवार-रविवारी भाड्याने लावतो. त्याच्या जाहिरातीत प्रत्येक बंगल्याबरोबर 'शुद्ध ऑक्सिजन' फुकट असतो. पाहुण्यांना सांगून सांगून त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला आहे. त्याने गणपती झाल्यावर मला फोन केला.

"दाजी, पोरीला माझ्याकडं धाडा. तुमच्या त्या कंपन्यांच्या धुरात राहून तिची फुप्फुसं काळी पडलीत. हितली हवा लागली की आठ दिवसांत घोड्यासारखी पळंल."

मी म्हणालो, तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे, हवेने काय होणार. तो म्हणाला, हृदय तर केव्हाच दुरुस्त झालं, आता फुप्फुसाचं बघा, आणि फुप्फुसाला हवाच लागते. त्याला माहीत नव्हतं, पण त्या वाक्याचा अर्धा भाग बरोबर होता. वडगाव आणि लोणावळा यांत लोकलने अर्ध्या तासाचं अंतर. एवढ्यात हवेचं औषध होत असेल तर लोणावळ्यात दवाखाने कशाला चालले असते? हे मी त्याला विचारलं. त्याने ते हसण्यावारी नेलं. बायको म्हणाली, बदल म्हणून जाऊ दे. मी जाऊ दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला ती तुंगार्लीच्या तलावाकडच्या चढावर धावत होती. मामा स्कूटरवरून मागे होता, मोबाइलवर तिचं चित्रण करत होता. बंगल्याच्या जाहिरातीत ते वापरायचं त्याच्या मनात होतं, हे मला नंतर कळलं. त्या चित्रणात ती आधी हात गुडघ्यांवर ठेवून थांबते, मग उभी राहण्याचा प्रयत्न करते आणि रस्त्याच्या कडेला आडवी होते. पुढे अकरा सेकंद चित्रण चालू आहे. त्यात मामाचा आवाज येतो, "अगं ऊठ की, नाटकं काय करती?"

ती मिनिटभर बेशुद्ध होती. मामाने तिला पाणी मारलं, साखर खायला घातली, आणि आम्हाला फोन करण्याआधी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्याच्या मते पाहुण्यांपैकी कोणाची तरी नजर लागली होती. सुदैवाने मुलगी त्याच्यापेक्षा शहाणी. ती स्वतः रिक्षा करून बाजारपेठेतल्या एका लहान दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टर तिशीची असेल. मी पोचलो तेव्हा तिने स्टेथोस्कोप मुलीच्या छातीवर ठेवलेला होता आणि डोळे मिटून ती ऐकत होती. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली की हृदयाचा दुसरा ठोका फार मोठ्याने वाजतोय, उद्याच्या उद्या पुण्याला जाऊन इको करा, आणि तोवर हिला जिनेसुद्धा चढायला लावू नका. तिने तीनशे रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात बाहेरच्या माणसाने मोजून केलेलं ते पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी मी फाइल घेऊन गेलो. पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञ बाई वयस्कर होत्या. त्यांनी आधी इको केला, मग फाइल उघडली आणि अनुक्रमणिका पाहून म्हणाल्या की इतकी नीट लावलेली फाइल त्यांनी क्वचित पाहिली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मग त्या ईसीजीच्या पट्ट्यांपर्यंत आल्या. पहिलं पाकीट उजेडाकडे धरलं. पट्टी कोरी होती. दुसरी कोरी होती. तिसरीवर फिकट काळपट डाग होता. तो कागद उष्णतेने छापला जातो आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात लवकर पुसला जातो, हे त्यांनी मला सांगितलं. नऊपैकी सहा पट्ट्या कोऱ्या निघाल्या. शिक्के मात्र नऊच्या नऊ शाबूत होते. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल.

"आणि छपाई टिकली असती तरी उपयोग नव्हता," त्या म्हणाल्या. "फुप्फुसातला दाब यात मोजलाच जात नाही. तो इकोत दिसतो. तुम्ही नऊ वर्षं तो पाहिलेलाच नाही."

कारखान्यात एखाद्या ऑपरेटरने पाण्याच्या नळीवरचा गेज वाचून वाफेच्या रकान्यात भरला असता, तर मी त्याला त्याच पाळीत घरी पाठवलं असतं. मी तेच केलं होतं, सुवाच्य अक्षरात.

इकोमध्ये दाब अंदाजे अडुसष्ट निघाला. पस्तीसच्या आत असायला हवा. नक्की कळावं म्हणून मांडीतल्या शिरेतून नळी घालून आतून मोजला, तोही वाढलेलाच. भोक व्यवस्थित बुजलेलं होतं, त्यातून थेंबभर गळती नव्हती. सर्जनचं काम चोख होतं. रक्तवाहिन्या मात्र आतून जाड होत गेल्या होत्या. बाईंनी मुलीला समोर बसवून, माझ्याकडे न बघता, तिलाच सांगितलं. चालायचं, पण शर्यतीचं धावायचं नाही. पोलीस भरती विसरायची. दिवसातून तीन गोळ्या, जन्मभर. एकही दिवस चुकवायचा नाही, कारण गोळी एकदम थांबली तर दाब उसळू शकतो. आणि लग्नाचा विचार करशील तेव्हा आधी मला भेटायचं, कारण या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकतं.

मुलगी म्हणाली, "बरं." बायको भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिली.

घरी आल्यावर बायकोने पहिली गोष्ट ठरवली, ती ही की बाहेर कोणाला काही सांगायचं नाही. संध्याकाळी मामा आला आणि त्यानेही तेच सांगितलं. पोरीची जात, उद्या स्थळं येतील, ऑपरेशनचं लोक विसरलेत, आता हे नवीन कशाला. जाताना म्हणाला की हवा थोडी कमी पडली, पंधरा दिवस राहिली असती तर. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

आता गोळीचं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारी जी गोळी, तीच पुरुष दुसऱ्या कामासाठी, चिठ्ठी न दाखवता, हळू आवाजात मागतात. औषध एक, उपयोग दोन. बाईंनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं, दुकानात कोणी हसलं तर लक्ष देऊ नका म्हणून. मी मनात म्हटलं, लक्ष द्यायला मी काय पोरसवदा आहे.

आमच्या घरापासून चारशे पावलांवर औषधाचं दुकान आहे. दुकानदार मला वीस वर्षं ओळखतो. मी चिठ्ठी दिली. त्याने वाचली, पुन्हा वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काउंटरपाशी आणखी तीन गिऱ्हाइकं होती, त्यांतले एक माझ्या मुलीचे जुने शिक्षक.

"साहेब, नव्वद?" तो म्हणाला. "जरा दमानं घ्या. वहिनींचा पण विचार करा."

गिऱ्हाइकं हसली. चिठ्ठीवर मुलीचं नाव होतं, वय एकोणीस होतं. त्याने औषधाचं नाव वाचलं आणि त्यापुढे त्याची नजर गेली नाही. असले लोक औषधं विकतात. ते हरभऱ्याचं दुकान चालवत असते तरी मापात घोळ घातला असता. हे सगळं मला तिथे सुचलं, आणि यातलं मी काहीच बोललो नाही. 'माझ्या मुलीसाठी आहे' एवढे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. मी चिठ्ठी परत घेतली आणि बाहेर पडलो. मागून तो म्हणत होता, "आवो साहेब, रागावलात का?"

त्यानंतर दर महिन्याला मी पुण्याला जाऊन गोळ्या आणू लागलो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. पाच महिने बिनबोभाट गेले. चौथ्या महिन्यात इको केला तर दाब अडुसष्टवरून सत्तावन्नवर आला होता. मुलगी पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता चढत होती. तिने वडगावातच एका झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून देण्याचं काम धरलं होतं. तहसील कचेरीत येणाऱ्यांचे कागद ती तपासून द्यायची. ती पोलीस होणार नव्हती, हे तिने आमच्याआधी पचवलं होतं. मैदानावरच्या मुली भेटल्या की ती त्यांच्या वेळा विचारायची.

मार्चमध्ये आमच्या बॉयलरची वार्षिक तपासणी होती. आठवडाभर मी रोज बारा तास कारखान्यात होतो. गोळ्या रविवारी सकाळपर्यंत पुरतील हे मी मोजलेलं होतं आणि रविवारी पुण्याला जायचं ठरवलं होतं. सकाळी आठची शेवटची गोळी तिने घेतली, मी गेलो, तर त्या दुकानात माल संपलेला. उद्या रात्रीपर्यंत येईल म्हणाले. आसपासची दोन दुकानं बंद होती, तिसऱ्याकडे दुसऱ्या ताकदीची गोळी होती. मी हात हलवत परत आलो. स्टेशनवरून घरी येताना आमच्या औषधवाल्याचं दुकान उघडं होतं. मी पलीकडच्या कडेने चालत आलो. बायकोला म्हणालो, उद्या मिळेल. मुलगी झोपली होती.

सोमवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा मी घरीच होतो. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. ती सहाव्या पायरीवर बसली, मग अकराव्या, मग शेवटच्या. ओठांचा रंग गेला होता. चार गोळ्या चुकल्या होत्या. मी तिला पाणी दिलं. दम परत यायला बराच वेळ लागला.

"आल्या का गोळ्या?" तिने विचारलं.

मी सांगितलं की पुण्यात माल नव्हता, रात्री येईल, मी आता निघतोच आहे.

"वडगावात बघितलं?"

"तिथे नको."

"का?"

मग मला सांगावं लागलं. दुकानदार काय म्हणाला, कोण हसलं, मी कसा परत आलो. मला वाटलं होतं ती दुकानदारावर चिडेल. मी तशाच बेताने सांगत होतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तो हसेल म्हणून मी गोळीशिवाय," ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही सगळ्यांना मूर्ख म्हणता. सरांना, मामाला, त्या डॉक्टरला. त्यांच्यापैकी कोणी माझी गोळी नाही चुकवली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, हळू बोला, खाली ऐकू जातं. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या. मी म्हणालो, तू बस, मी जातो. ती म्हणाली, तुम्ही आलात तरी चालेल. चिठ्ठी तिने फाइलीतून स्वतः काढून घेतली.

चारशे पावलांना आम्हाला सतरा मिनिटं लागली. ती दोनदा थांबली, एकदा रसवंतीच्या बाकावर बसली. मी तिचा हात धरायला गेलो तर तिने तो धरू दिला.

दुकानात चौघं होती. दुकानदाराने आधी मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू यायला लागलं. तिने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि बोट तिच्या नावावर ठेवलं. आवाज मोठा नव्हता, तेवढा दम तिच्यात नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

"हे माझं नाव. लहानपणी माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब आहे. ही गोळी त्याची. दर महिन्याला नव्वद लागतील. तुम्ही ठेवणार असाल तर सांगा, नाहीतर मी तळेगावला विचारते."

दुकानदाराने चिठ्ठी वाचली. या वेळी त्याने वय वाचलं. त्याने काउंटरमागचं स्वतःचं स्टूल उचलून तिच्यासाठी बाहेर आणलं आणि म्हणाला, "बसा ताई. मला... साहेब बोलले न्हाईत काही." हे त्याने माझ्यावर ढकललं, आणि ते खरं होतं. रांगेतला एक माणूस उगीचच आपलं बिल तपासू लागला.

त्याच्याकडे सहा पट्ट्या होत्या. उरलेल्या तीन उद्या सकाळी तळेगावहून मागवतो आणि पुढे दर महिन्याला नऊ पट्ट्या बाजूला ठेवतो, असं तो म्हणाला. तिने त्याला ते वहीत लिहायला लावलं. लिहिलेलं वाचून पाहिलं. मग त्याच्याकडून पाणी मागून एक गोळी तिथेच स्टुलावर बसून घेतली. मी वेळ पाहिली, सात वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटच्या गोळीपासून पस्तीस तास.

बिल कोणाच्या नावाने करू, असं त्याने मला विचारलं. उत्तर तिने दिलं. सहा पट्ट्या, एकशे बेचाळीस रुपयांप्रमाणे आठशे बावन्न, दहा टक्के सूट जाऊन सातशे सहासष्ट रुपये ऐंशी पैसे. मी पाकीट काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं. तिने आपल्या मोबाइलवरून, आपल्या पगारातून, वरच्या ऐंशी पैशांसकट पूर्ण रक्कम त्या दुकानदाराला दिली.